प्रश्न ऐकू येतात, उत्तरं कुठं आहेत?

मी दिल्लीच्या द्वारकेतून बोलतोय. बोलताना मधूनमधून विमानाचा आवाज येईल, त्याला माझा इलाज नाही. पालमचा विमानतळ अगदी जवळ आहे आणि आमच्या सोसायटीचं छप्पर त्यांच्या वाटेवर आहे.

मी फौजेतला, सिग्नल्सचा अधिकारी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पदवी जेएनयूची आहे, पण दचकू नका. खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांना पदवी जेएनयूचीच मिळाली. कॉम्प्युटरचं शिक्षण त्यात नव्हतं. वेबपेज करायला मी बासष्टाव्या वर्षी शिकलो, तेही व्हिडिओ बघून. त्यामुळे आज जे सांगतो ते एखाद्या तज्ज्ञाचं भाषण समजू नका. एका माणसाने केलेली चूक आणि तिची दुरुस्ती, एवढंच समजा.

आज मी पडद्यावर कोड दाखवणार नाही. सगळं तोंडी सांगणार आहे. ज्यांच्यासाठी हे काम केलं, त्यांतले काही जण ही चर्चा ऐकत असतील, बघत नसतील. मग कोडचं चित्र दाखवून उपयोग काय?

विषय आहे अ‍ॅकॉर्डियन. नाव ऐकून वाद्य आठवेल, आणि ते बरोबरच आहे. पेटीचा भाता जसा उघडतो-मिटतो, तसा वेबपेजवरचा मजकूर उघडतो-मिटतो. तुम्ही रोज बघता. प्रश्नांची यादी असते, प्रत्येक प्रश्नाशेजारी अधिकचं चिन्ह किंवा छोटा बाण असतो, त्यावर बोट लावलं की खाली उत्तर उलगडतं, परत लावलं की मिटतं. बँकेच्या पानावर, रेल्वेच्या, शाळेच्या, सगळीकडे हाच भाता.

आता हे माझ्या डोक्यात का आलं ते सांगतो. द्वारकेत निवृत्त फौजी बरेच आहेत. छावणीतलं बेस हॉस्पिटल आणि धौला कुआंचं आर आर हॉस्पिटल फार लांब नाही, मेट्रो आहे, सोसायट्या आहेत. त्यात मराठी घरंही आहेत. गणपतीत आम्ही एकत्र येतो आणि आरतीनंतर गप्पा कुठे जातात? पेन्शन, औषधं, हयातीचा दाखला. तेच तेच प्रश्न दरवर्षी. मी म्हटलं, एक मराठी पान करू आणि सगळी उत्तरं त्यावर घालू. चौदा प्रश्न निघाले. पान झालं, दिसायला देखणं झालं, आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवून दिलं.

आमच्यात एक सुभेदार साहेब आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे, साताऱ्याकडचे, मुलाकडे राहतात. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली आहे. फोन मात्र माझ्यापेक्षा झरझर वापरतात. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरचं वाचून दाखवते. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचायची, दोनदा टिचकी मारली की ती उघडायची.

नोव्हेंबरच्या शेवटी ते भेटले. आवाज बसलेला, खोकला. दिल्लीचा नोव्हेंबर कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, हवा अक्षरशः चावते. म्हणाले, "हयातीच्या दाखल्यासाठी दोनदा बँकेत जाऊन आलो, रिक्षाने. पहिल्या दिवशी मशीन बंद होतं."

मी म्हटलं, "साहेब, जायचं कशाला? पोस्टमन घरी येऊन करून देतो. पानावर लिहिलंय की. नववा प्रश्न."

ते जरा थांबले. "सर, नववा प्रश्न ऐकला मी. चौदाही ऐकले. पान छान आहे, पण त्यात नुसते प्रश्नच आहेत. मला वाटलं उत्तरं तुम्ही मागाहून घालणार असाल. म्हणून विचारलं नाही."

आमच्याकडे अधिकारी सुभेदाराला साहेब म्हणतो आणि सुभेदार अधिकाऱ्याला सर. त्या 'सर'मध्ये जेवढा मान असतो, तेवढा त्या दिवशी मला जड गेला.

घरी येऊन मी माझ्या फोनवर टॉकबॅक सुरू केलं. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की ते सुरू होतं, मात्र आधी सेटिंगमध्ये ही सोय चालू केलेली हवी. बंद कसं करायचं तेही आधी शिकून घ्या, नाहीतर नातवंडांना हाक मारावी लागते. डोळे मिटले आणि माझंच पान ऐकलं. पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न. बस्स.

झालं होतं असं. प्रश्न म्हणजे मी साधा मजकूर ठेवला होता. एचटीएमएलमध्ये डिव्ह नावाचा एक डबा असतो, ज्याला स्वतःचा काही अर्थ नसतो. त्यात प्रश्न होता. अधिकचं चिन्ह म्हणजे रंगवलेला एक रिकामा चौकोन होता आणि टिचकीची आज्ञा त्या चौकोनाला जोडलेली होती. त्याला नाव नव्हतं, म्हणून फोनने त्याच्याबद्दल काही सांगितलंच नाही. उत्तरं लपवलेली होती. डोळसाला ते चिन्ह बघून कळतं की इथे काहीतरी दडलंय. सुभेदार साहेबांना ते कळायचा मार्गच मी ठेवला नव्हता.

सिग्नल्सच्या माणसाला हे समजायला उशीर लागू नये, म्हणून मी जास्तच खजील झालो. महूला आम्हाला वायरलेसवर बोलायची शिस्त शिकवली होती. सेटच्या पलीकडचा माणूस तुमचे हातवारे बघू शकत नाही. तुम्ही मान हलवलीत तर ती हललीच नाही. म्हणून आधी कोण बोलतोय ते सांगायचं, मग काम काय ते, मग सध्याची स्थिती काय ते, आणि ऐकलं तर 'रॉजर' म्हणायचं. जे बोललं नाही ते घडलं नाही. वेबपेजवरची वाचक-यंत्रणा म्हणजे तोच सेट आहे, आणि तिला प्रत्येक वस्तूकडून तीनच गोष्टी हव्या असतात: नाव काय, ही आहे काय, आणि आत्ता कुठल्या स्थितीत आहे. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्यांना, त्यात हे अगदी प्राथमिक पातळीवर लिहिलेलं आहे. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ची, सध्या चालते ती २.२ ही ऑक्टोबर २०२३ची. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठीही २००९पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. म्हणजे मी काही अज्ञात प्रदेशात भरकटलो नव्हतो. नकाशा होता, मी बघितला नव्हता.

मग दुरुस्तीला बसलो, आणि पहिल्या दुरुस्तीत दुसरी चूक केली. ही जास्त बोधप्रद आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंटरनेटवर वाचलं की डिव्हला चिठ्ठी लावता येते: तू बटन आहेस. या चिठ्ठ्यांच्या व्यवस्थेला एरिया म्हणतात. मी डिव्हला बटनाची चिठ्ठी लावली. कीबोर्डने तिथे पोचता यावं म्हणून टॅबचा क्रमांक दिला. एंटर दाबल्यावर उघडावं म्हणून चार ओळी लिहिल्या. स्पेस विसरलो. खऱ्या बटनावर स्पेस दाबलं की ते चालतं, माझ्यावर दाबलं की पान खाली घसरायचं. मग 'एरिया-एक्स्पांडेड' नावाची चिठ्ठी लावली, जी सांगते की हे उघडलंय की मिटलंय. मिटलंय असं लिहून ठेवलं, आणि उत्तर उघडल्यावर ती बदलायला विसरलो.

सुभेदार साहेबांना ऐकवलं. त्यांनी टिचकी मारली, उत्तर उघडलं, आणि फोन ठामपणे म्हणाला की मिटलेलं आहे. त्यांनी परत टिचकी मारली. आता ते खरंच मिटलं. फोन तेच म्हणाला. परत टिचकी. चार वेळा झाल्यावर ते म्हणाले, "सर, हा पोस्ट खोटा रिपोर्ट देतोय."

पहिलं पान गप्प होतं, दुसरं खोटं बोलत होतं. फौजेत यातलं कुठलं वाईट ते विचारायची गरज नाही. रिपोर्ट आलाच नाही तर माणूस गस्त पाठवून खात्री करतो. खोटा रिपोर्ट आला तर तो खरा धरून पुढे निघतो.

पुण्याला माझा पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला फोन केला, सगळं सांगितलं. तो हसला. "काका, बटन हवं होतं तर बटनच का नाही घेतलंत? डिव्हला बटनाचा वेष चढवून त्याला कवायत शिकवत बसलात."

एवढं साधं. एचटीएमएलमध्ये बटन नावाची वस्तू तयार असते. तिच्यापर्यंत टॅबने जाता येतं, एंटर चालतं, स्पेस चालतं, वाचक-यंत्रणा तिला आपोआप बटन म्हणते. फुकट. मी मात्र चाळीस ओळी लिहून तिची खराब नक्कल केली होती.

तर शेवटी उभं राहिलं ते असं. नीट ऐका, कागद असेल तर लिहून घ्या. प्रत्येक प्रश्न हे एक शीर्षक आहे, माझ्या पानावर तिसऱ्या पातळीचं, म्हणजे एच-थ्री. त्या शीर्षकाच्या पोटात बटन. बटनाच्या पोटात प्रश्नाचा पूर्ण मजकूर. म्हणजे पूर्ण ओळच दाबायची जागा झाली, तो इवलासा चौकोन नाही. नियमांत दाबायच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, मी त्याच्या दुप्पट उंची ठेवली, कारण आमच्या बोटांचं वय झालंय. बटनाला एरिया-एक्स्पांडेड, सुरुवातीला फॉल्स. शेजारचं अधिकचं चिन्ह फक्त डोळ्यांसाठी, म्हणून त्याला एरिया-हिडन, नाहीतर यंत्रणा प्रत्येक प्रश्नामागे 'प्लस' म्हणत बसते. शीर्षकाच्या लगेच खाली उत्तराचा डबा, त्याला हिडन. टिचकी पडली की दोनच कामं: डब्याचं हिडन काढायचं आणि एक्स्पांडेड ट्रू करायचं. मिटताना उलट. ही दोन्ही कामं एकाच जागी, एकापाठोपाठ लिहायची, म्हणजे एक विसरलं आणि दुसरं झालं असं होत नाही.

बटनावरचा मजकूर मात्र बदलू नका. काही जण उघडल्यावर 'मिटवा' आणि मिटल्यावर 'उघडा' असं लिहितात. मग यंत्रणा म्हणते, "मिटवा, बटन, उघडलेलं." ऐकणाऱ्याने काय समजायचं?

शीर्षक कशाला, असं पुतण्याने विचारलं नाही, पण तुम्ही विचाराल. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो. न पाहणारा शीर्षकांवरून उड्या मारतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाची वाचक-यंत्रणा आहे, २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केली, आजही फुकट मिळते. त्यात एच दाबलं की पुढचं शीर्षक. चौदा वेळा एच, चौदा प्रश्न. शीर्षक नसेल तर त्याला पान पहिल्या शब्दापासून ऐकावं लागतं.

याच्याहून सोपा मार्गही आहे. एचटीएमएलमध्ये डिटेल्स आणि समरी अशी जोडी आहे, जी स्क्रिप्टची एक ओळ न लिहिता उघडते-मिटते. आजचे सगळे प्रमुख ब्राउझर ती समजतात. घरगुती पानाला ती पुरते, आणि मी नवशिक्याला तीच सुचवेन. माझ्यापुरती अडचण एवढीच झाली की समरीच्या आत ठेवलेलं शीर्षक काही वाचक-यंत्रणा शीर्षक म्हणून मानत नाहीत, आणि सुभेदार साहेबांना उड्या मारायच्या होत्या.

उत्तर लपवायची पद्धतही महत्त्वाची. मधे एकदा मला हौस आली की उत्तर हळूवार उलगडावं. त्यासाठी मी डब्याची उंची शून्य केली आणि टिचकीवर वाढवली. दिसायला झकास. आमच्या सोसायटीत एक कर्नल आहेत, हात थरथरतात, माउस धरवत नाही, सगळं टॅबवर चालतं. ते म्हणाले, तुझ्या पानावर टॅब दाबतो आणि काही दिसतच नाही, आठ-दहा वेळा हरवतो. उंची शून्य असली तरी आतल्या लिंक जागच्या जागीच होत्या. कीबोर्ड त्या न दिसणाऱ्या लिंकांवर भटकत होता. उलगडणं काढून टाकलं. ज्यांना ते हवंच आहे, त्यांनी निदान एवढं करावं की ज्याने फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग लावली आहे, त्याला ते दाखवू नये. चक्कर येणारी माणसं असतात. कर्नलसाहेबांमुळेच आणखी एक कळलं. बटनाभोवती येणारी चौकट मला कुरूप वाटायची म्हणून मी घालवली होती. टॅब कुठे पोचला हे कळायची ती एकच खूण असते. परत आणली, आणि चांगली जाड.

आणि आता खास आपल्या भाषेचं. हे मला इंग्रजी व्हिडिओंत सापडलं नाही. पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा सांगायची असते. मी ती तयार नमुन्यातली इंग्रजी तशीच ठेवली होती. यंत्रणेला मजकूर इंग्रजी आहे असं सांगितलं तर ती देवनागरीशी काय करेल याचा भरवसा नाही. मग एका ओळखीच्याने हिंदी लिहून दिलं, लिपी तीच म्हणून. आता आवाज आला, पण हिंदीचा. आपला 'चूक' आणि 'जावई' हिंदी तोंडाने ऐका, म्हणजे कळेल. हिंदीत च आणि ज यांचा उच्चार एकच, आपल्याकडे दोन. मराठीची खूण 'एमआर', दोन अक्षरं. ती घातली आणि ज्यांच्या फोनवर मराठी आवाज होता, त्यांना पान मराठीत ऐकू आलं. सुभेदार साहेब म्हणाले, आता बाई आपल्याकडची वाटते.

दुसरं माझ्या बायकोने काढलं. तिने फोनची अक्षरं मोठी केलेली आहेत. तिच्या फोनवर प्रश्नांच्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जात होते, कारण मी ओळीची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधून टाकली होती. इंग्रजी अक्षरांना चालून गेलं असतं. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली जागा लागते. उंची बांधायची नाही, मजकुराला वाढू द्यायचं.

तिसरं कागदाचं. आमची मंडळी पान छापून बँकेत घेऊन जातात. मिटलेली उत्तरं छापलीच जात नव्हती. छपाईच्या वेळी सगळं उघडं राहील अशी सोय करावी लागली. आणि स्क्रिप्ट चाललीच नाही, नेट रडतखडत असलं, तर? म्हणून मूळ पानात उत्तरं उघडीच ठेवली आहेत. मिटवायचं काम स्क्रिप्ट सुरू झाल्यावर तीच करते. ती मेली तर पान लांबलचक दिसतं, पण उत्तरं असतात.

खरं सांगायचं तर चार-पाच छोटे प्रश्न असतील तर भाताच करू नका. उघडी शीर्षकं, उघडी उत्तरं, संपलं. एक उघडलं की दुसरं आपोआप मिटणारी जात तर मला मुळीच आवडत नाही. दोन उत्तरं शेजारी ठेवून बघायची माणसाची मुभा काढून घेणारे आपण कोण?

कोणी म्हणेल, एवढ्याशा पानासाठी एवढा खटाटोप. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा आहे, आणि त्याच्या ४२व्या कलमात इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम असण्याची गोष्ट आहे. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. प्रकरण अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींचं होतं. बँकेच्या डिजिटल पडताळणीत पापणी मिटून दाखवायला सांगतात, आणि ज्यांना ती मिटताच येत नाही त्यांनी काय करायचं? सोसायटीच्या पानावर कोणी खटला भरणार नाही. पण आपली फौज यात नवखी नाही. १९१७मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था आजही खडकीत जायबंदी जवानांना हातचं काम शिकवते. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९४३मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्स उभं राहिलं, आणि त्याच रोपातून पुढे देशाची अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था वाढली. तिथे माणसांना ब्रेल आणि विणकाम शिकवत होते. मला तर एक बटन बसवायचं होतं.

तपासणीचं थोडक्यात सांगतो. माउस काढून ड्रॉवरमध्ये टाका आणि पान फक्त टॅब, एंटर, स्पेसवर चालवा. फोनवर टॉकबॅक लावून डोळे मिटून एकदा सगळं ऐका. अक्षरं दुप्पट करून बघा. आणि मग ज्याला खरंच दिसत नाही अशा माणसाच्या हातात द्या, आणि तो चाचपडत असताना मधे बोलू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, अधिकाऱ्यांना तर विशेष.

तिसरं पान मी सुभेदार साहेबांच्या घरी, त्यांच्या दिवाणखान्यात दिलं. त्यांनी शीर्षकांवरून उड्या मारत थेट नववा प्रश्न गाठला. फोन म्हणाला, बटन, मिटलेलं. टिचकी. उघडलेलं. बोट सरकवलं आणि उत्तर सुरू झालं. ते मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी मनात रॉजरची वाट बघत होतो.

"सर," ते म्हणाले, "यात चूक आहे. तुम्ही सगळ्यांना १ नोव्हेंबरपासून लिहिलंय. ऐंशीच्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो. आमच्या विंगमधल्या वहिनी त्र्याऐंशीच्या आहेत, त्या तुमचं पान ऐकून महिनाभर उगाच थांबतील."

मी तिथेच बसून ती ओळ बदलली. मग त्यांनी दहावा प्रश्न उघडला.